खुब्यातील उंचवटा : निरीक्षण आणि निष्कर्ष

उखळीचा सांधा शिकवताना आपण फळ्यावर एक वाटोळा गोळा आणि त्याला नेमकी बसणारी खोबण काढतो. प्रत्यक्षात प्रत्येकाचा खुबा इतका नेमका नसतो. काहींच्या मांडीच्या हाडाचा गोळा जेथे मानेला मिळतो तेथे हाडाचा उंचवटा असतो. मांडी पोटाशी घेताना तो खोबणीच्या काठाशी अडतो, कूर्चा सोलली जाते आणि तरुण वयातच सांध्याची झीज सुरू होते. बर्न येथील शल्यविशारद राइनहोल्ड गान्झ व सहकाऱ्यांच्या 2003 सालच्या शोधनिबंधाचा हा गाभा आहे.

निबंधाचे बळ प्रत्यक्ष निरीक्षणात आहे. गोळ्याचा रक्तपुरवठा न तोडता तो खोबणीबाहेर काढण्याची पद्धत गान्झ यांनीच बसवली होती. अशा 600 हून अधिक शस्त्रक्रियांत सांधा उघडून, हलवून पाहता आला. हाड अडते कोठे आणि कूर्चा फाटते कोठे, याचा मेळ डोळ्यांसमोर बसला.

मर्यादाही येथेच आहे. पाहिलेले सांधे रुग्णांचे होते. उंचवटा असूनही खुबा न दुखणारी माणसे पुष्कळ आहेत. ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर येत नाहीत. तेव्हा उंचवट्यामुळे झीज होऊ शकते, हे एक विधान. होतेच, हे दुसरे. आणि तो तासला की झीज टळते, हे तिसरे. तिसऱ्यासाठी तुलना हवी. ब्रिटनमध्ये 348 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2018) वर्षभराने शस्त्रक्रिया आणि व्यायामोपचार हे दोन्ही गट सुधारले. शस्त्रक्रियेचा गट 100 पैकी सुमारे 7 गुणांनी सरस ठरला. पण हे गुण वेदना, हालचाल व दैनंदिन जीवनाचे होते, कूर्चेचे नव्हेत. त्यामुळे न दुखणाऱ्या कुमारवयीन खेळाडूचा खुबा केवळ खबरदारी म्हणून तासण्यास यातून आधार मिळत नाही.

मात्र ही शंका सरसकट लावू नये. वाढीच्या वयात गोळा वाढपट्टीवरून घसरतो, तेव्हा तो तातडीने स्क्रूने स्थिर करावा लागतो. उशीर झाल्यास घसरण वाढते आणि वर सांगितलेला उंचवटा त्यातूनही उरतो. फसगत अशी, की मूल पुष्कळदा दुखणे गुडघ्यात सांगते. बारा-तेरा वर्षांचे मूल लंगडत असेल, पाऊल बाहेर वळवून चालत असेल, तर खेळाच्या तासाची चुकवेगिरी समजू नका. पालकांना त्याच दिवशी बोलवा आणि खुब्याचेही क्ष-किरणचित्र काढून घेण्यास सांगा.