'द मॅन हू वॉजन्ट देअर': संथपणाची तक्रार



कोएन बंधूंच्या २००१ सालच्या या गुन्हेपटाविषयी प्रेक्षकांची मतं आम्ही ऐकत आलो. बहुधा दोनच सूर लागतात. एक म्हणतो, 'छायाचित्रण काय सुंदर!' दुसरा म्हणतो, 'काही घडतच नाही हो, झोप आली.'

आधी दुसरं मत घेऊ. काही घडत नाही? मोजून बघा. साल १९४९, कॅलिफोर्नियातलं सॅन्टा रोझा. सलूनमध्ये केस कापणारा एड क्रेन. ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात घालायला दहा हजार डॉलर्स हवेत, म्हणून तो बायकोच्या प्रियकराला निनावी चिठ्ठीनं धमकावतो. पुढे झटापटीत तो प्रियकर एडच्याच हातून मरतो. पकडली जाते बायको. खटला सुरू होण्याआधी ती कोठडीत गळफास घेते. शेवटी एडला विजेच्या खुर्चीची शिक्षा होते, पण न केलेल्या दुसऱ्याच खुनासाठी! एवढ्या ऐवजात दोन चित्रपट निघतील.

मग संथ काय आहे? सांगणारा संथ आहे. बिली बॉब थॉर्नटनचा एड एकाच पट्टीत बोलतो, सिगारेट ओढतो, बघत राहतो. राजा परांजपे यांचा १९६४ चा 'पाठलाग' आठवा. तोही कृष्णधवल. पण तिथे 'ही बाई नेमकी कोण?' हा प्रश्न आपल्याला ओढत नेतो. इथे खुनी कोण ते आपल्या डोळ्यांदेखत ठरतं. उत्सुकता काढून घेतली, की उरतो फक्त माणूस.

आणि त्या माणसाकडे कुणी बघतच नाही. सलूनच्या खुर्चीत बसल्यावर आपण आरशात कुणाला बघतो? स्वतःला. कात्री चालवणाराही त्याच आरशात असतो. एड वकिलासमोर खून कबूल करतो, तर वकील ती कबुली कोर्टात टिकेल का, एवढंच तोलतो आणि बाजूला सारतो.

आता छायाचित्रण. रॉजर डीकिन्स यांनी चित्रण केलं रंगीत फिल्मवर, प्रती काढल्या कृष्णधवल. 'पाठलाग'च्या काळी कृष्णधवल ही रीतच होती; इथे ती निवड आहे. रंग गेल्यावर पांढऱ्या डगल्यातला एड दुकानाच्या भिंतीत मिसळून जातो. म्हणजे नुसतं 'सुंदर' म्हणून भागत नाही. ते सौंदर्य त्याला दिसेनासं करायला वापरलं आहे.

तक्रार सगळीच खोटी, असं आम्ही म्हणत नाही. बायकोच्या मृत्यूनंतर पियानो वाजवणाऱ्या मुलीचं प्रकरण लांबतं, उडत्या तबकड्या येतात, आणि पकड सुटते. तिथली जांभई रास्त आहे.

पण त्याआधीच जांभई आली, तर स्वतःला एवढं विचारावं: कंटाळा कथेचा आला, की त्या माणसाचा? कथेचा असेल, तर खुशाल दिग्दर्शकाला दोष द्या. माणसाचा असेल, तर त्या वकिलानं केलं तेच आपणही केलं.