स्तन्यातील जंतू आणि गडचिरोलीचा पुरावा

मातेचे स्तन्य निर्जंतुक असते, असा समज विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वैद्यकात रूढ होता. त्यात जंतू आढळलेच तर तो दूध गोळा करतानाच्या अस्वच्छतेचा परिणाम मानला जाई. २००३ साली स्पेनमधील संशोधकांनी निरोगी मातांच्या दुधात लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जंतू दाखविले आणि या मताला कलाटणी मिळाली. आता हेच जंतू अर्भकाच्या पचनाचे, प्रतिकारशक्तीचे, किंबहुना एकंदर वाढीचे शिल्पकार होत, असे प्रतिपादन होऊ लागले आहे. ते कितपत साधार आहे हे पाहावयाचे, तर गडचिरोलीकडे वळणे उचित ठरेल. कारण तेथे नवजात अर्भक व जंतू यांचा संबंध हा जीवनमरणाचाच प्रश्न होता.

या प्रतिपादनात तीन विधानांची गल्लत होते. दुधात जंतू असतात, ते अर्भकाच्या आतड्यात पोहोचतात, आणि तेथे ते हित करतात. पहिले विधान आता निर्विवाद आहे. दुसऱ्यास २०१७ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाचा आधार आहे. १०७ माता व अर्भके यांच्या त्या पाहणीत, मुख्यतः स्तनपानावर असलेल्या अर्भकांच्या आतड्यातील सुमारे २८ टक्के जंतू पहिल्या महिन्यात दुधातून आणि १० टक्के स्तनाग्राभोवतीच्या त्वचेवरून आल्याचे अनुमान निघाले. तथापि हे अनुमान जंतूंच्या साम्यावरून काढलेले आहे. शिवाय दूध पिताना अर्भकाच्या तोंडातील जंतूही उलट दिशेने स्तनात शिरू शकतात. अतएव कोणी कोणाला काय दिले, हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही.

तिसरे विधान सर्वांत दुर्बळ आहे. दुधातील काही शर्करा अर्भकाला पचत नाहीत, पण बायफिडोबॅक्टेरियम जातीच्या जंतूंचे त्या पोषण करतात, हे खरे. म्हणजे येथे निदान दुधातील जंतूंइतकेच महत्त्व त्या जंतूंच्या अन्नाला आहे. प्रतिपिंडे आणि लॅक्टोफेरिन यांचे कार्यही याच दुधातून चालते. या सर्वांतून एकट्या जंतूंचे श्रेय वेगळे काढणे सोपे नाही.

आता गडचिरोली. ग्रामीण भारतात स्तनपान जवळजवळ सार्वत्रिक आहे, तरीही डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कार्यक्षेत्रातील ३९ गावांत १९९३ ते १९९५ या काळात दर हजार जन्मांमागे ६२ नवजात अर्भके दगावत होती. गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन अर्भकाला ऊब दिली, स्तनपानास साहाय्य केले आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनची इंजेक्शने दिली, तेव्हा १९९७-९८ मध्ये हे प्रमाण २५.५ वर आले. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ स्पष्ट आहे: दुधातील जंतू कितीही हितकर असले, तरी कमी वजनाच्या बालकाला घातक संसर्गापासून वाचविण्यास ते एकटे पुरे पडले नाहीत.

याउलट ओडिशातील ४५५६ अर्भकांवरील २०१७ सालचा प्रयोग आशादायक आहे. लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम हा जंतू आणि त्याचे खाद्य सात दिवस दिल्यावर जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. परंतु हा जंतू बाहेरून दिलेला होता आणि दोन्ही गटांतील अर्भके अंगावर पिणारीच होती. म्हणून हा पुरावा आतड्यातील जंतूंच्या सामर्थ्याचा आहे. दुधातील जंतूंच्या सामर्थ्याचा नव्हे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. जंतूंनाच सर्व श्रेय दिले, तर अर्भक आजारी पडताच दोष मातेच्या दुधावर येतो आणि त्यावर उपाय म्हणून बाटलीबंद थेंब पुढे केले जातात. जंगलपट्टीतील अर्धपोटी मातेवर हा दुहेरी अन्याय होय. जन्मानंतर तासाभरात चीक पाजावा, मध किंवा पाणी देऊ नये, बाळाला मातेच्या अंगाशी ठेवावे आणि त्याने दूध सोडताच उपचार मिळावा, हे जंतूंविषयीचा कोणताही सिद्धांत उद्या टिको वा न टिको, खरेच राहते. संशोधनाने तिसऱ्या विधानाचा शोध अवश्य घ्यावा. मात्र तो लागण्यापूर्वीच त्याचा निष्कर्ष मातांना सांगू नये.