‘प्रेसिपिटेट’: संज्ञा पाठ, क्रिया हरवलेली

पारिभाषिक शब्द अवघड असतात ही तक्रार जुनीच आहे. पण पुष्कळदा दोष शब्दाचा नसून तो शिकवण्याच्या रीतीचा असतो. ‘प्रेसिपिटेट’ हे इंग्रजी क्रियापद याचे चांगले उदाहरण आहे.

लॅटिन भाषेत ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘कापुट’ म्हणजे डोके. त्यांवरून आलेल्या या क्रियापदाचा मूळ अर्थ डोके पुढे करून खाली लोटणे, कड्यावरून ढकलणे असा आहे. ढगातील पाणी खाली आले की ती वृष्टी. द्रावणातून अविद्राव्य पदार्थ बाहेर पडला की तो अवक्षेप. १९१४ साली सारायेव्होतील हत्येने महायुद्ध ओढवले, तेथेही इंग्रजीत हेच क्रियापद चालते. युद्धाची कारणे आधीच साचली होती, हत्येने लोटण्याचे काम केले.

आपला ‘अवक्षेपण’ हा शब्दही तितकाच नेमका आहे. वैशेषिक दर्शनात कर्माचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत उत्क्षेपण म्हणजे वर फेकणे आणि अवक्षेपण म्हणजे खाली फेकणे. मग घोळ कोठे होतो? ‘तळाशी बसतो तो अवक्षेप’ एवढेच आपण पाठ करून घेतो, तेथे.

भिवंडीजवळ कामतघरला वऱ्हाळा तलाव आहे. तेथील वर्गात पावसाळ्यातले गढूळ पाणी दोन बाटल्यांत भरून ठेवावे आणि एकीत तुरटी फिरवावी. पहिल्या बाटलीत माती हळूहळू खाली बसते. ती पाण्यात विरघळलेली नव्हतीच, म्हणून हा अवक्षेप नव्हे, नुसता गाळ. दुसरीत तुरटीपासून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा अवक्षेप तयार होतो आणि मातीचे कण त्यात अडकून लवकर खाली येतात. ‘तुरटीने मातीचा अवक्षेप होतो’ हे उत्तर म्हणूनच चूक आहे. याउलट सोडियम सल्फेटच्या द्रावणात बेरियम क्लोराइडचे द्रावण घातले, तर दोन नितळ द्रवांतून क्षणात पांढरा अवक्षेप दिसतो. तो तळाशी बसण्याआधीही अवक्षेपच असतो.

यंत्रमागांच्या या गावात अनेक मुलांच्या घरी हिंदी, उर्दू किंवा तेलुगू बोलतात. त्यांना ‘प्रेसिपिटेट’ परका आणि ‘अवक्षेपण’ही परका. एका परक्या शब्दासमोर दुसरा परका शब्द लिहून पाठांतर होते, आकलन होत नाही. म्हणून आधी परीक्षानळी दाखवावी, मग ‘काय झाले?’ असे विचारावे. मुलांकडून क्रियापद आले, की मगच फळ्यावर संज्ञा लिहावी.