भरवसा आणि साक्ष

मराठीत ‘भरवसा’ हा शब्द बहुधा नकारातच भेटतो. पावसाचा भरवसा नाही, माणसाचा नाही; आणि भरवशाच्या म्हशीला तर टोणगाच होतो. ख्रिस्ती लेखनात मात्र हा शब्द देवापुढे होकारार्थी येतो. बोलीतला संशय त्या होकारात कितपत उरतो, हा प्रश्न मला धर्मशास्त्राइतकाच साहित्याचा वाटतो. त्यासाठी मी दोन आत्मकथने समोर ठेवली आहेत: पंडिता रमाबाईंची १९०७ सालची इंग्रजी साक्ष आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४ ते १९३६).

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते चार माणसांत सांगणे. या प्रकाराची अडचण अशी, की सांगणारा पैलतीरी पोचलेला असतो. केडगावच्या ‘मुक्ती’त शेकडो मुली आणि विधवा होत्या, ठरलेले उत्पन्न नव्हते. बाई प्रार्थनेवर आणि येईल त्या देणगीवर संस्था चालवीत. गरज पडली आणि ती भागली, हे कळल्यावर वाचकाची धास्ती संपते. हिशेब जुळलेल्या वहीसारखे ते वाटते.

त्याच साक्षीतला दुष्काळाचा भाग मात्र जुळत नाही, आणि म्हणूनच तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थयात्रा केल्या, दानधर्म केला, व्रते-उपवास केले. होते ते सगळे त्यात संपले. मग १८७० नंतरच्या दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक गेली. ज्या देवांना साकडे घातले ते खरे नव्हतेच, असा निष्कर्ष रमाबाई पुढे काढतात. पण वडिलांचे चित्र त्यांनी इतक्या मायेने काढले आहे, की वाचक निराळाच प्रश्न घेऊन पुढे जातो. एवढा भरवसा टाकूनही माणसे उपाशी मरत असतील, तर केडगावात देणग्या आल्याच नसत्या तर? साक्ष या प्रश्नाकडे वळत नाही. वळली असती तर ती साक्ष राहिली नसती, हेही खरे.

लक्ष्मीबाईंनाही शेवट ठाऊक होता. १८९५ साली ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लहानग्या दत्तूला घेऊन त्या जवळजवळ पाच वर्षे नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात. हे लिहिताना मध्ये तीन तपे उलटली होती. तरी बाई वाचकाला त्या दिवसाच्या भीतीत ठेवतात, पुढचे आधी सांगत नाहीत. टिळकांचा देवावरचा भरवसा म्हणजे हातातला पैसा समोरच्याला देऊन मोकळे होणे. उद्याचे देव बघेल! पण उद्या चूल पेटवायची कोणी? एकाच्या भरवशाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ही गोष्ट प्रवचनात येत नाही. ती इथे आली, कारण लिहिणारी तीच दुसरी व्यक्ती आहे. बाईंच्या विनोदाचे कौतुक आपण नेहमी करतो, पण तो नुसता गोडवा नव्हे. नवऱ्याच्या श्रद्धेची ती रोजची झडती आहे, आणि झडती घेणारीचे नवऱ्यावर प्रेम आहे.

बाईंचे स्वतःचे धर्मांतरही आकाशातून उजेड पडून झालेले नाही. सोवळेओवळे हळूहळू सैल होत गेले, जाती देवाने केल्या की माणसाने हा प्रश्न पडला, आणि १९०० साली राहुरीत बाप्तिस्मा झाला. या पुस्तकात देव कमी आणि संसार फार, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. भांडायला जागा ठेवणारा भरवसा मराठी ख्रिस्ती गद्यात इतक्या ठसठशीतपणे मला दुसरीकडे दिसलेला नाही.

रमाबाईंकडे पुन्हा वळायला हवे, कारण साक्षीवरून त्यांची पारख करणे अपुरे ठरेल. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा, ती हीच. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई स्वतः गेल्या. मधल्या आठ-नऊ महिन्यांतही हिब्रू-ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर थांबले नाही. मृत्यूच्या आधी ते हातावेगळे झाले. १९०७ची साक्ष तोवर पंधरा वर्षांची जुनी झाली होती. हे बायबल छापले गेले ते मुक्तीच्याच छापखान्यात, आणि तिथे काम करणाऱ्या बायका आश्रमातल्याच होत्या.