इंडस क्रीड
इंडस क्रीड : मुंबईतील एक प्रसिद्ध रॉक वाद्यवृंद. इंग्रजी गीतरचना हे त्याचे वैशिष्ट्य. त्याची स्थापना १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने झाली. महेश टिनाईकर (गिटार), उदय बेनेगल (गायन), झुबिन बालापोरिया (कळफलक वाद्ये), मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस व जयेश गांधी हे त्याचे प्रमुख कलावंत होत.

भारतातील बहुतेक रॉक वाद्यवृंद त्या काळी पाश्चात्त्य गीतांच्या अनुकरणावर संतुष्ट असत. अशा वेळी या वृंदाने रॉक ‘एन’ रोल रेनेगेड (१९८८) हा स्वरचित गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व. ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे व्यथाप्रधान लोकगायन. त्यातील पाचस्वरी स्वरावली आणि तार ताणून काढलेला आर्त स्वर रॉकच्या गिटारवादनात उतरला. रॉक मशीनच्या आरंभीच्या रचनांत हा वारसा जोमदार, परंतु बऱ्याच अंशी परदेशी साच्यातच प्रकट होतो. द सेकंड कमिंग (१९९०) नंतर १९९३ मध्ये वृंदाने भारतीयत्व सुचविणारे ‘इंडस क्रीड’ हे नाव स्वीकारले. त्याच नावाच्या १९९५ च्या संग्रहातील ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीस एम्‌टीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार लाभला. १९९७ मध्ये वृंद विसर्जित झाला.

२०१० मध्ये बेनेगल, टिनाईकर व बालापोरिया पुन्हा एकत्र आले. रुशद मिस्त्री (बास गिटार) व जय राव कवी (तालवाद्ये) त्यांना मिळाले. आठ गीतांचा इव्हॉल्व्ह (२०१२) हा संग्रह या पुनर्मीलनाचे फलित होय. जुन्या लोकप्रियतेची पुनरावृत्ती करण्याचा सोपा मार्ग त्यात टाळला आहे. रचनांचा विस्तार, लयीतील पालट व ध्वनींचे थर यांमुळे त्या प्रगतिशील रॉककडे झुकतात. गिटारचा एकल विलास कमी होऊन तो रचनेचा घटक बनतो. मात्र या संयमामुळे पूर्वीच्या गीतांतील तत्काळ मनात ठसणारी धून काही ठिकाणी हरपते, ही त्याची मर्यादा. नाव बदलून भारतीयत्व सिद्ध होत नाही, तसेच ते वाद्यांच्या सजावटीनेही होत नाही; स्वतःच्या अनुभवाला स्वतःचा आवाज मिळणे महत्त्वाचे. या कसोटीवर इव्हॉल्व्ह हा संग्रह वृंदाच्या सर्वांत प्रौढ निर्मितीत गणावा लागेल.