पडद्यामागचा गळा

मंडळी, आज आपण १९५२चा 'सिंगिन इन द रेन' घेतलाय. जीन केली आणि स्टॅनली डोनन यांचा हा सिनेमा म्हटलं की भर पावसात नाचणारा केली आठवतो. आम्हाला मात्र शेवटी वर जाणाऱ्या पडद्याविषयी बोलायचंय.

गोष्ट १९२७ची. सिनेमा नुकताच बोलायला लागलाय. लीना ही मूकपटांची राणी, पण आवाज एवढा किरटा की लोक हसतील. मग कॅथी नावाच्या नवख्या पोरीनं आड राहून बोलायचं, गायचं. लीनानं ओठ हलवायचे. शेवटी लीना लोकांसमोर गायला उभी राहते, मागं माइकपाशी कॅथी. तेवढ्यात नायक आणि त्याचे साथीदार दोरी ओढून मधला पडदाच वर करतात. जिचा गळा तिला टाळ्या. हा न्याय आपल्याला मनापासून पटतो.

आता गंमत बघा. कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सनं लीनासाठी गायलेलं एक गाणं प्रत्यक्षात बेटी नॉइज या गायिकेनं गायलंय. तिचं नाव श्रेयनामावलीत नाही. पडदा उचलणाऱ्या सिनेमानं स्वतःचा एक पडदा खालीच ठेवला.

नाचात मात्र तो फसवत नाही. कॅमेरा लांब राहतो, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो. डोनाल्ड ओकॉनर भिंतीवर चढून कोलांटी मारतो, तेव्हा त्या हसण्यामागची मेहनत दिसते. हा सिनेमा आम्ही थोर मानतो तो यासाठी.

आता आपल्याकडं या. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मध्ये जयश्री गडकर नाचल्या, गळा आशा भोसले यांचा. 'पिंजरा'त (१९७२) संध्या, गळा उषा मंगेशकरांचा. 'नटरंग'मधल्या (२०१०) लावण्यांना बेला शेंडे यांचा. इथं चोरी नाही. गायिकांची नावं घरोघरी माहीत आहेत. गाणीही उत्तम. पण तमाशाच्या आतलं जग दाखवणाऱ्या या सिनेमांनी लावणीवालीचे दोन तुकडे केले: पाय एकीचे, गळा दुसरीचा.

मूळ कला तशी नाही. यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी गायच्या, तेव्हा सूर आणि अदा एकाच देहातून यायचे. शब्द कुठं थांबवायचा, डोळा कुठं वळवायचा, हे तिथंच, समोरचा माणूस बघून ठरायचं. रेकॉर्डवर ओठ हलवताना ती मोकळीक उरत नाही.

जळकोट-उदगीरकडची माणसं माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला जातात, तिथं तमाशा बघतात. आणि फडासमोर बसून आपण फर्माईश कशाची करतो? सिनेमातल्या लावणीची. जी बाई स्वतः गाते, तिलाही आपण सिनेमाच्या मापानं मोजतो. थोडं वेगळं गायली की म्हणतो, 'तसं नाही जमलं.' वेगळं गाणं हीच तर तिची कला!

कॅथीसाठी दोरी ओढायला तिघं होते. फडात ते काम आपलं आहे. पुढच्या जत्रेत एकदा तरी म्हणा, 'बाई, तुमची स्वतःची बैठकीची लावणी होऊ द्या.' आणि गाणारीचं नाव विचारून घरी या.