चित्रपटाची संहिता आणि ग्रंथालयाची प्रत

साहित्यसमीक्षेचा सारा व्यवहार अवतरणावर उभा असतो. कवितेविषयीचे विधान तिच्या ओळींपाशी नेऊन तपासता येते; ते न पटल्यास वाचक मूळ संहितेच्या आधारे समीक्षकाशी वाद घालू शकतो. चित्रपटसमीक्षेला ही सोय हवी असेल, तर चित्रपट पुनःपुन्हा पाहता, हवा तेथे थांबवता आणि त्यातील दृश्य वेगळे काढून दाखवता आले पाहिजे. म्हणजेच त्याची प्रत हाती असली पाहिजे. त्यामुळे ग्रंथालयाने अभ्यासकास चित्रपटाची प्रत करून द्यावी काय, हा प्रश्न कायद्याइतकाच समीक्षापद्धतीचाही आहे.

१९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात संशोधन आणि समीक्षा यांसाठी उचित वापराची मुभा होती. परंतु ती वाङ्मयीन, नाट्य, सांगीतिक आणि कलात्मक कृतींपुरतीच. चित्रपट ही कायद्याने स्वतंत्र कोटी मानल्यामुळे तो तिच्याबाहेर राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावली वगळता कोणत्याही कृतीस ही मुभा लागू झाली. कादंबरीच्या समीक्षकाला जे प्रारंभापासून लाभले, ते चित्रपटाच्या समीक्षकाला मिळण्यास पंचावन्न वर्षे लागली. मराठीतील चित्रपटविषयक लेखन दीर्घकाळ कथानकाचा गोषवारा आणि अभिनयाची वाखाणणी यांत अडकले, याची कारणे अनेक आहेत; पण संहिता हक्काने समोर नसणे, हे त्यांतील एक दुर्लक्षित कारण मानावे लागते.

ग्रंथालयांसंबंधीच्या तरतुदींत मात्र ही विषमता अद्याप शिल्लक आहे. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. 'पुस्तक' या शब्दात पत्रक, नकाशा, स्वरलिपी यांचा समावेश आहे, चित्रपटाचा नाही. २०१२ मध्ये जोडलेल्या दुसऱ्या उपकलमानुसार, बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय आपल्याजवळील अनंकीय प्रतीचे जतनासाठी इलेक्ट्रॉनिक संचयन करू शकते, आणि येथे कृतीचा प्रकार सांगितलेला नाही. म्हणजे चित्रपट जतन करण्यास योग्य ठरतो. अभ्यासकाच्या हाती देण्याविषयी मात्र हे उपकलम मौन पाळते.

जतनाचे मोल वेगळे सांगावयास नको. १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा साठा २००३ च्या आगीत नष्ट झाला. परंतु जतन कशासाठी, याचे उत्तर अभ्यासाशिवाय अपुरेच राहते. कपाटात सुरक्षित असलेली, पण कोणी वाचू न शकणारी संहिता परंपरेचा भाग होत नाही.

निर्मात्यांची भीती निराधार नाही. पुस्तकातील प्रकरणाची छायाप्रत पुस्तकाची जागा घेत नाही. चित्रपटाची संपूर्ण प्रत मात्र विक्रीच्या प्रतीची जागा घेऊ शकते. परंतु या भीतीला उत्तर कायद्यातच सापडते. २०१२ च्याच दुरुस्तीतील ६५अ कलम, कायद्याने मना न केलेल्या हेतूसाठी तांत्रिक कुलूप उघडण्यास वाव देते. त्यासाठी साहाय्य करणाऱ्याने संबंधिताचे नाव, पत्ता आणि हेतू यांची नोंद ठेवावी, एवढी अट घालते. अशी नोंद ठेवणे हे ग्रंथपालाचे नित्याचेच काम. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये, अध्यापनाच्या हेतूने समर्थनीय ठरेल तेवढी प्रत, ही कसोटी स्वीकारली. तो निर्णय अध्यापनाच्या उपकलमाविषयी आणि पुस्तकांविषयी होता. तरीही पृष्ठसंख्येपेक्षा हेतू महत्त्वाचा, हे त्यातील तत्त्व संशोधनालाही मार्गदर्शक ठरावे.

अभ्यासकाला स्वतः जे करण्याची मुभा आहे, ते त्याच्या वतीने ग्रंथपालाने केल्यास तो भंग ठरू नये, एवढे स्पष्टीकरण कायद्यात येणे अगत्याचे आहे. तोवर चित्रपटसमीक्षेची मते पडताळून पाहण्याचे साधन वाचकाला निश्चितपणे उपलब्ध होणार नाही. आणि जे पडताळता येत नाही, त्याला मत म्हणता येईल, समीक्षा म्हणणे कठीण आहे.